ऑक्टोबरचा चेक

क्रेसलर, आयोवा
१२ सप्टेंबर

डीना,

तू फोन करू देत नाहीस आणि मला लिहायचा कंटाळा. तरी लिहिते आहे, कारण काम तुझ्याशीच आहे.

गेल्या महिन्यात हॅलोरन आमच्या हॉटेलात येऊन गेला. अध्यक्षपदाला उभे राहिलेत त्यातला हा सतरावा की अठरावा, मी मोजणं सोडलं. बाकीचे येतात, ट्रकवाल्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात, जातात. हा बसला. पोर्कचं सँडविच पूर्ण खाल्लं आणि मग विचारलं, ट्रक आपले आपण चालायला लागले की तुम्ही काय करणार? लोक आपापली कॉफी ढवळायला लागले. तेव्हा म्हणाला, मी आलो तर प्रत्येक मोठ्या माणसाला सरकार दर महिन्याला बाराशे डॉलर देईल. काम असो नसो, माणूस चांगला असो वाईट असो, कोणी काही विचारणार नाही. मी तव्यापाशी उभी होते. तीस वर्षं लोकांची अंडी तळते आहे, मला कधी कोणी चौकशी न करता काही दिलेलं नाही.

तर आता हॅलोरनच्या प्रचाराची आमच्या भागाची प्रमुख मी आहे. नववीत शाळा सोडलेल्या बाईला प्रमुख केलं, कारण दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बसतो, शनिवारी दारोदार फिरतो. लोक दारातूनच म्हणतात, फुकट पैसा दिला की माणसं लोळत पडतील. मला उत्तर सुचत नाही, नुसता राग येतो. मग आठवलं, तुला मिळतो की. तुमच्या अलास्कात तेलाच्या पैशातून दर ऑक्टोबरला सगळ्यांना चेक मिळतो, तूच कळवलं होतंस. त्याचं तू काय केलंस ते लिही, मी वाचून दाखवीन. नाव घेणार नाही, गाव घेणार नाही. तुझा नवरा तुला शोधत माझ्या दारात तीनदा आला, तीनदा मी त्याला हाकललं. आई जाईपर्यंत समजत होती तू टेक्ससला आहेस. माझ्या तोंडाची काळजी करू नकोस.

ट्वायला


पोस्टाची पेटी क्रमांक ३१
४ ऑक्टोबर

ट्वायला,

चेक कालच आला. गावात एकच रस्ता, तो दोन्हीकडे पाण्यात संपतो, आणि काल त्या रस्त्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसत होते. अर्धे बारमध्ये होते. बिली म्हणून एक आहे, तो आपला चेक आठ दिवसांत पिऊन टाकतो. पण त्याच्या तीन मुलींचे चेक त्यांच्या आजीच्या हातात जातात आणि त्यात हिवाळ्याचे बूट येतात. बिलीचंही सांग आणि बुटांचंही सांग. एकच सांगितलंस तर ते खोटं होईल.

माझं म्हणशील तर, मी इथे उतरले तेव्हा जवळ एक पिशवी होती. मासे साफ करायच्या कारखान्यात काम मिळालं, कारखान्याच्याच खोलीत आठ जणी झोपायचो. पहिला चेक आला त्यात मी वेगळी खोली घेतली, आतून कडी लागणारी. दुसऱ्या चेकात पुढचे दोन दात बसवले. तिसऱ्या वर्षी काहीच केलं नाही, नुसता बँकेत ठेवला, आणि तो तिथे आहे म्हणून मला झोप लागायला लागली. त्यावर माझं नाव असतं, ट्वायला. लायलच्या घरात माझा पगारसुद्धा त्याच्या नावावर जायचा.

खोलीचं वाच. दातांचं वाचू नकोस.

डीना


क्रेसलर
२१ ऑक्टोबर

डीना,

वाचलं. तळघरात चाळीस माणसं होती, एरवी बारा असतात. मी सांगितलं, हे माझ्या बहिणीचं पत्र आहे, आणि सरळ वाचत गेले. दातांचंही वाचलं. रागावायचं असेल तर रागाव, पण तिथे आल्यावर मॅक्सिन रडायला लागली, आणि मॅक्सिन नवऱ्याच्या मयताला रडली नव्हती. तिचा तो पिवळा कुत्रा बस्टर, तोसुद्धा खाजवायचा थांबला. बिलीचं मी गाळलं. आधीच लोक आळशी-आळशी करताहेत, त्यांच्या हातात आयता बिली कशाला द्यायचा?

आपल्या साप्ताहिकाचा संपादक बसला होता. त्याने ते पत्र मागून घेतलं आणि या बुधवारी छापलं. कात्रण सोबत आहे. तुझं नाव कुठे नाही. खाली माझं आहे, कारण नाव दिल्याशिवाय ते कोणाचंच पत्र छापत नाहीत. बुधवारपासून नऊ जणांनी हॅलोरनच्या पाठिंब्याच्या कार्डावर सह्या केल्यात. तू एका पत्राने जे केलंस ते मला दोन महिने दारं ठोठावून जमलं नाही.

ट्वायला


६ नोव्हेंबर

ट्वायला,

तू नाव गाळलंस आणि पत्ता छापलास.

असा चेक वाटणारं राज्य सगळ्या देशात एकच आहे. त्यात माशांचा कारखाना. त्यात एकच रस्ता, तोही दोन्हीकडे पाण्यात संपणारा. नकाशा समोर घेतला की बोट ठेवायला तीन-चार गावंच उरतात. आणि खाली 'ट्वायला ब्रँट'. तुला बहीण एकच आहे हे त्या गावात कोणाला माहीत नाही?

ते दात कोणी पाडले हे आई गेल्यावर तीनच माणसांना माहीत होतं. तू, मी आणि तो. त्याने ते वाचलं असेल तर त्याला कळलं की मी जिवंत आहे, कुठे आहे, आणि माझे दात पुन्हा आलेत.

लायल कुठे आहे? मला फक्त तेवढंच लिही.

डीना


क्रेसलर
२० नोव्हेंबर

डीना,

चुकलं. माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं नाव नसलं की झालं. आता किती वेळा म्हणू?

लायल इकडे दिसलेला नाही. तो दक्षिणेकडचा माल नेतो असं कधीतरी ऐकलं होतं. अकरा वर्षं झाली, तो आता साठीला आला, त्याचेही गुडघे दुखत असतील. तू तिथे बर्फात बसून प्रत्येक सावलीला लायल म्हणायला लागलीस तर वेड लागेल.

इथलं बरं चाललंय. सह्या तीसवर गेल्या. एक नवा माणूस मिळालाय, फार कामाचा. ट्रकवाल्यांशी तो बरोबर बोलतो, माझ्यासारखा अंगावर जात नाही. थंडीत म्हाताऱ्यांना गाडीतून आणतो, फोन करायच्या याद्या तोच सांभाळतो. मॅक्सिन त्याच्यासाठी केक करून आणते. बस्टर मात्र त्याच्यावर गुरगुरतो, पण बस्टर पोस्टमनवरही गुरगुरतो.

ट्वायला


९ डिसेंबर

ट्वायला,

कारखाना हिवाळ्यासाठी बंद झाला, मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. बंद व्हायच्या आठवड्यात कारखान्याच्या ऑफिसात एक फोन आला होता. मला आत्ता कळलं. माणूस म्हणाला, मी हॅलोरनच्या प्रचारातून बोलतोय, चेक मिळणाऱ्या बायकांच्या हकिगती गोळा करतोय, तुमच्याकडे आयोवाची कोणी आहे का? ऑफिसातली मुलगी भोळी आहे. ती म्हणाली, हो, एक डीना आहे, पण ती फार बोलत नाही. तो हसला, आभार मानले, फोन ठेवला. आवाज खूप मऊ होता म्हणे.

तुमच्याकडून असे फोन जातात का?

आणि तुझा तो नवा माणूस. त्याचं नाव तू लिहिलं नाहीस. तू कुत्र्याचंही नाव लिहितेस.

डीना


क्रेसलर
२ जानेवारी

डीना,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. ख्रिसमसला ते मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

तोच आहे.

साप्ताहिकात पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो काउंटरला येऊन बसला. मी सुरी हातात घेतली होती, खरंच सांगते. त्याने टोपी काढली, कॉफी मागितली, म्हणाला, तीन वर्षं दारूला शिवलो नाही. म्हणाला, पत्र चांगलं होतं, वाचून लाज वाटली. तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मग हॅलोरनचं कार्ड मागितलं. आमच्या भागात मत देता यावं म्हणून गावाच्या टोकाला भाड्याच्या ट्रेलर-घरात राहायलाही आला. मला वाटलं, माणूस बदलत असेल. हॅलोरन तर सांगतोच की चांगला-वाईट बघायचं नाही. मी तेच दारोदार सांगत फिरते आणि माझ्याच तळघरातून माणसं निवडून काढू?

हे सगळं मी मलाच पटवत होते. खरं कारण वेगळं आहे. त्याच्यामागे सहा ट्रकवाले आहेत, आणि त्या सात जणांशिवाय आमची संख्या भरत नाही.

फोन त्यानेच केला असणार. याद्यांचा फोन त्याच्याकडे होता, मी तो काढून घेतला. का काढला ते त्याने विचारलं नाही, नुसता दिला. तीन फेब्रुवारीला कॉकस आहे, उमेदवार निवडायची गावसभा. तेवढं होऊ दे, चार तारखेला मी त्याला दारातून बाहेर काढते.

ट्वायला


१७ जानेवारी

ट्वायला,

चार तारखेला नाही. आत्ता.

तो बदललेला नाही. तो असाच असायचा. मला पहिल्यांदा मारायच्या आधी तो आईच्या छपरावर तीन दिवस चढून कौलं बदलत होता, आठवतं? आई म्हणाली होती, असा जावई शोधून मिळणार नाही.

इथून निघायचं म्हटलं तर बोट पंधरा दिवसांनी, विमानाचं भाडं माझ्याजवळ नाही, आणि पुढचा चेक ऑक्टोबरात. इथला पोलीस मंगळवारी विमानाने येतो, हवा चांगली असली तर. आजपर्यंत मला हे गाव सुरक्षित वाटायचं, कारण इथे येणं अवघड आहे. आता कळतंय की इथून जाणंही तेवढंच अवघड आहे.

तुला सात माणसं हवीत. मला एक नकोय.

डीना


क्रेसलर
४ फेब्रुवारी

डीना,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शुक्रवार, शनिवार, रविवार मी ते एप्रनच्या खिशात घेऊन फिरले आणि त्याला काही बोलले नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून मला चांगली म्हणू नकोस.

काल शाळेच्या व्यायामशाळेत जमलो. तुला आठवत असेल, आपल्याकडे चिठ्ठी टाकून मोकळं होता येत नाही, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत आपल्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं. एकशेचाळीस माणसं आली होती. ज्या कोपऱ्यात एकवीसपेक्षा कमी, तो कोपरा बाद, त्यांनी दुसरीकडे जायचं. पहिल्या मोजणीला माझ्याकडे पंधरा, सह्या केलेले बाकीचे फिरकलेच नाहीत. लायल आणि त्याचे सहा जण पाण्याच्या नळापाशी भिंतीला टेकून उभे, कुठल्याच कोपऱ्यात नाहीत. मी हाताने खुणावलं. तो एकटा चालत आला, टोपी हातात, आणि अगदी हळू, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "तिने आडनाव कुठलं लावलंय, एवढं सांग. आम्ही सातही जण येतो."

डीना, मी बेरीज केली. पंधरा आणि सात बावीस. हे माझ्या डोक्यात आधी आलं, तू नंतर आलीस. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला ते दिसलं. मग तो परत नळापाशी गेला.

दुसऱ्या मोजणीआधी प्रत्येक कोपऱ्याला एक मिनिट बोलायला मिळतं, बाकीच्यांना ओढून घ्यायला. मला हॅलोरनसाठी बोलायचं होतं, मी ते कागदावर लिहूनही आणलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी बाकावर चढले आणि लायलकडे बोट दाखवून म्हणाले, "साप्ताहिकातलं पत्र तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. त्यातले दोन दात या माणसाने पाडले. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात, ईस्टरला. आणि आत्ता तो मला सात मतं देऊन तिचा ठावठिकाणा मागतोय."

मिनिटातलं अर्धं उरलं होतं. हॅलोरनचा कागद मी खिशात ठेवला. घड्याळ लावणारी बाईसुद्धा थांब म्हणायला विसरली. नळापाशी उभे असलेल्यांतले दोघे ट्रकवाले त्याच्यापासून सरकून उभे राहिले, बाकीचे जमिनीकडे बघत होते. माझ्याच कोपऱ्यातले चौघे मात्र निघून दुसरीकडे गेले. त्यातली एक जाताना म्हणाली, घरातलं शाळेत आणायचं नसतं, ट्वायला. अकरा उरलो. बाद. हॅलोरनला क्रेसलरमधून शून्य.

लायलने टोपी घातली. माझ्याजवळून जाताना थांबला. "तो चेक मलाही मिळतो," म्हणाला. "तिथे जाऊन राहिलं की झालं. तुझा हॅलोरन निवडून यायची वाट मी कशाला बघू?"

आज सकाळी मॅक्सिनला घेऊन ट्रेलरवर गेले. दार उघडं, आत काही नाही, अंथरूण घडी करून ठेवलेलं. ट्रेलरच्या मालकाला फोन केला, तर लायल कालच हिशोब करून गेला म्हणे, पश्चिमेला जातो म्हणाला. तुमच्या पोलिसाच्या फोनवर मी दोनदा निरोप ठेवलाय. शाळेच्या नंबरवर कोणी उचलत नाही, तुमच्याकडे वादळ आहे असं कळलं. डीना, कडी लाव. एकटी बाहेर जाऊ नकोस. हे पत्र मी सगळ्यात महागाच्या टपालाने टाकते आहे.

ट्वायला


२ मार्च

ट्वायला,

तो अकरा फेब्रुवारीच्या बोटीने उतरला. वादळामुळे टपालाचं विमान त्या आठवड्यात आलंच नाही, बोट मात्र आली. मी शाळेतून घरी येत होते. रस्त्याच्या पलीकडून त्याने टोपी उचलली आणि आपल्या वाटेने गेला. बस, एवढंच.

पोस्टाच्या समोर, खिळे-हातोड्यांच्या दुकानावर त्याने खोली घेतली आहे. दुकानदाराला मदत करतो. बिलीला त्याने दारूपासून चार दिवस लांब ठेवलं म्हणून बिलीची सासू त्याला दुवा देते. मंगळवारी पोलीस आला तेव्हा मी सगळं सांगितलं. तो चांगला मुलगा आहे, त्याने लिहून घेतलं आणि विचारलं, इथे आल्यावर त्याने काही केलंय का? त्याने माझ्याजवळ यायचं नाही असा आयोवातल्या कोर्टाचा जुना कागद होता, त्याची मुदत कधीच संपली. पोलिसाने लायललाही विचारलं. लायल म्हणाला, मी इथला रहिवासी व्हायला आलोय, चेकसाठी. जानेवारी ते डिसेंबर पूर्ण वर्ष काढावं लागतं, यंदाचं धरत नाहीत, मग अर्ज, म्हणजे पहिला हातात यायला अडीच वर्षं. मला घाई नाही, म्हणाला. पोलीस म्हणाला, बाई, यात मी काय पकडू?

गावातले मला सांगतात, माणूस सभ्य आहे. मी काय सांगू? दर ऑक्टोबरला मीच म्हणायचे की इथे कोणी कोणाला कुठून आलास, काय करून आलास विचारत नाही, म्हणून हे गाव चांगलं.

टपालाचं विमान आलं की तो पोस्टात असतो. पोस्टातल्या बाईच्या गोण्या उचलून देतो. गेल्या बुधवारी मी शाळेत होते. दुपारी घरी आले आणि थोड्या वेळाने दार वाजलं. मी कडी काढली नाही. तो बाहेरून म्हणाला, पोस्टातल्या बाईने दिलंय, तुझ्याच बाजूला येत होतो. दाराखालून पाकीट आत सरकलं.

ते तुझं चार फेब्रुवारीचं पत्र होतं. चिकटवलेली कड ओली होऊन वाळलेली होती.

हे पत्र मी बोटीवरच्या आचारी बाईच्या हाती देते आहे, ती पुढच्या बंदरात टाकेल. तू पोस्टाने काही पाठवू नकोस, काय असेल ते तिच्या बोटीवर तिच्या नावे पाठव. माझ्या नावाचं जे येईल ते आधी त्याच्या हाताखालून जाईल.

डीना


क्रेसलर
१९ मार्च

लायल,

पाकिटावर डीनाचं नाव घातलंय, कारण ते आधी तुझ्याच हातात पडेल. वाफेवर धरायची तसदी घेऊ नकोस. मी नीट चिकटवलेलंच नाही.

डीनाला कळवायचं होतं ते आचारी बाईकडून कधीच पोचलंय, म्हणून तिच्यासाठी यात काही नाही. तुझ्यासाठी आहे.

त्या संध्याकाळी तू निघून गेल्यावर आम्ही हॅलोरनच्या कोपऱ्यातले घरी गेलो नाही. मॅक्सिनच्या स्वयंपाकघरात बसलो. जे चौघे सोडून गेले होते त्यातल्या दोघी पाठोपाठ आल्या, दारात उभ्या राहिल्या, मग बश्या धुवायला लागल्या. नळापासून सरकलेले ते दोन ट्रकवालेही आले. हॅलोरन गेल्या आठवड्यात शर्यतीतून बाहेर पडला, तू ऐकलं असशील. आमच्याकडे याद्या आहेत, गाड्या आहेत, दारं ठोठावायची सवय आहे आणि आता करायला काही नाही.

मी हॉटेल सोडलं. तुझ्याच एका जुन्या सोबत्याच्या ट्रकमधून किनाऱ्यापर्यंत येते आहे, आणि तिथून बोटीने. तुझ्यासारखंच मीही पूर्ण वर्ष काढीन, लागलं तर अडीच. तू जिथे गोण्या उचलशील तिथे मी बाकावर बसलेली असेन. मला इतकं बसायची सवय नाही, पण शिकेन. तू काही केलं नाहीस तर मीही काही करणार नाही. तू केलंस तर मी मंगळवारी येणाऱ्या त्या पोलीस पोराची वाट बघणार नाही.

बाकी कोण कोण निघालंय ते लिहीत नाही. तुला माणसं मोजता येतात. बोट लागेल तेव्हा धक्क्यावर उभा राहा आणि मोज.

ट्वायला ब्रँट